आखूड केसांच्या कुत्र्याची केसनिगा

आखूड आणि अंगालगत बसणारे केस असलेल्या कुत्र्याचे मेलेले केस काढणे, कातडी स्वच्छ ठेवणे आणि क्वचित कुठे कात्री लावणे, या कामाला केसनिगा म्हणतात. बोलण्यात ‘ग्रूमिंग’ हाच शब्द चालतो. घोड्याबैलांच्या बाबतीत याच्याशी मिळत्याजुळत्या कामाला खरारा म्हणतात आणि या कुत्र्यांनाही खरे तर तोच शब्द शोभतो. इथे कात्रीला काम नाममात्र, घासणेच मोठे.

सगळ्या आखूड केसांच्या जातींची ठेवण सारखी नसते. बॉक्सर किंवा कारवानी कुत्र्याच्या अंगावर केसांचा एकच तुकतुकीत थर असतो. लॅब्राडोरला मात्र वरच्या राठ केसांखाली दाट, मऊ लव असते. न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात मासेमारांबरोबर राबणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज. पाणी कातडीपर्यंत पोचू नये ही त्या लवेची कामगिरी. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तिचा उपयोग नसला तरी ती गळायची थांबत नाही. आखूड केस कमी गळतात, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. लांब केस गळाले तरी अंगातच गुंतून राहतात. आखूड केस थेट सोफ्यावर पडतात आणि सुईसारखे कापडात रुततात. झाडूने निघत नाहीत, एकेक चिमटीने उपटावे लागतात. दिवस लहानमोठा होतो तसे गळण्याचे प्रमाण बदलते, पण घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्याचे केस थोडेफार वर्षभर गळतच असतात.

मुख्य अवजार म्हणजे बोथट दातांचा रबरी ब्रश किंवा तसाच हातमोजा. आधी हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा, म्हणजे सुटलेले केस, कोंडा आणि धूळ वर येते. मग मऊ ब्रशने मानेकडून शेपटीकडे, केसांच्या दिशेने ओढायचे. शेवटी ओलसर फडके फिरवले की कातडीतले तेल केसांवर पसरून चकाकी येते. पोट, काखा आणि मांडीच्या आत कातडी पातळ असते, तिथे जोर लावायचा नाही. आठवड्यातून एकदोनदा एवढे केले तरी पुरते. हात फिरवताना कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडते ती याच वेळी. पावसाळ्यात तर हमखास.

आंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. माणसाची कातडी कुत्र्याच्या कातडीपेक्षा जास्त आम्लधर्मी असते, त्यामुळे आपला शॅम्पू त्याला मानवत नाही. साबण अंगात राहिला की खाज सुटते, म्हणून चोळण्यापेक्षा धुण्याला जास्त वेळ द्यावा. पगच्या तोंडावरच्या घड्या पुसून कोरड्या करणे हे वेगळे आणि जवळजवळ रोजचे काम.

उन्हाळ्यात कुत्र्याला मशीन लावून ‘गार’ करण्याची आपल्याकडे हौस फार. कुत्रा अंगभर घाम गाळून गार होत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. केस भादरल्याने फारसा गारवा मिळत नाही, उलट उघडी कातडी उन्हाने भाजते. लॅब्राडोरसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यात नवे केस काही वेळा ठिगळाठिगळांनी उगवतात. जखमेला टाके घालताना किंवा सोनोग्राफीपुरते डॉक्टर केस काढतात, ती गोष्ट निराळी.

कात्री लागते ती थोड्याच जागी: तळपायाच्या गाद्यांमधले केस (ते वाढले की गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो), मांड्यांच्या मागचे झुपके आणि शेपटीचे टोक. झुपक्यांना साधी कात्री लावली तर पायऱ्या दिसतात, म्हणून जाणकार दातेरी विरळणी कात्री वापरतात. कारवानीला एवढेही लागत नाही. त्याचाच भाऊबंद पश्मी याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असते, तिला कंगवाच हवा. प्रदर्शनांसाठी काही जण मिशाही कापतात. पण त्या केसांच्या मुळाशी मज्जातंतूंचे जाळे असते आणि अंधारात, अडचणीच्या जागी कुत्रा त्यांनी चाचपतो. घरच्या कुत्र्याच्या मिशांना हात लावू नये.