फायबरच्या होडीला स्क्रू मारण्याआधी

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, नाथसागरात उतरवायला घरीच प्लायवूडची होडी बांधली, बाहेरून इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रवं कालवल्यावर दगडासारखं घट्ट होणाऱ्या राळेत, भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं (फायबरचं) कापड चढवलं, की निम्मी लढाई जिंकली. आता त्या गुळगुळीत कवचावर वल्ह्यांच्या कड्या आणि दोर बांधायचे हूक बसवायचे. इथंच बहुतेक जण सरळ ड्रिल लावतात आणि स्क्रू पिळून मोकळे होतात.

ड्रिल आत शिरताना आधी पांढरा चुरा पडतो, मग तपकिरी भुसा. भुसा दिसला की लाकूड उघडं पडलं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. भोकातलं पाणी त्यांतून आत झिरपतं आणि कवचामुळे सहजी वाळत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. 30 टक्क्यांच्या आसपास गेला की तिचं फावतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ती दबून असते. गोदावरीचं गोडं पाणी आणि होडीत साचलेला पाऊस मात्र तिला चांगलाच मानवतो.

उपाय सोपा, फक्त सवड हवी. 6 मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक 10-12 मिलिमीटरचं पाडायचं. खालून टेप लावायची. कडांना आधी पातळ इपॉक्सी पाजायचं, मग त्यातच बारीक लाकडी भुकटी कालवून केलेल्या घट्ट लगद्यानं भोक भरायचं. लगदा दगडासारखा झाला की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. बोल्टभोवती आता इपॉक्सीचं कडं असतं, लाकडाशी त्याची गाठच पडत नाही. नट आवळताना प्लायवूड चेपतं, हे कडं चेपत नाही. कडीखाली पाणी अडवणारं सीलंट आणि आतून रुंद वॉशर हवाच, नाहीतर वल्ह्याचा सगळा जोर एका ठिकाणी येतो.

मराठवाड्यातला उन्हाळा इथं आडवा येतो. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि ढोबळमानानं हवेचं तापमान 10 अंशांनी चढलं की त्याचा वेग दुप्पट होतो. मे महिन्यात मगभर मिश्रण हातात धूर सोडतं. थोडं थोडं कालवावं, पसरट ताटलीत ठेवावं. सकाळच्या गारव्यात काम उरकावं असं वाटतं, पण ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे निघतात. संध्याकाळी, पारा उतरत असताना हात घातलेला बरा. होडी मात्र दुपारपासूनच सावलीत असावी.

बसायच्या फळीचे आधार तर बोल्टशिवायही बसतात, नुसत्या इपॉक्सीच्या जोरावर. जुन्या थरावर कधी कधी मेणचट साय येते आणि तिच्यावर नवा थर धरत नाही. ती पाण्यात विरघळते, म्हणून आधी साध्या पाण्यानं पुसून काढावी, मगच 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी उतरवावी. उलट केलं तर साय घासली जाऊन ओरखड्यांतच बसते.