पार्श्वभूमी: खानदेशचा वारसा आणि मुक्कामाचा प्रश्न

पर्यटनातून खानदेशातल्या गावांना रोजगार द्यायचा, असा विषय निघाला की पहिले नाव येते अजिंठ्याचे. गंमत अशी की अजिंठा खानदेशात नाहीच. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. जळगावच्या वाट्याला आले ते साधारण ६० किलोमीटरवरचे रेल्वे स्टेशन.

मुळात तापीकाठचा हा मुलूख वाटेवरचा. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारूकी सुलतानांची राजधानी थाळनेरहून बुऱ्हाणपूरला गेली, १६०१ मध्ये त्यांचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती पडला. मोगल काळात सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावरून व्यापारी माल जात राहिला. पुढे रेल्वे आली, भुसावळ मोठे जंक्शन झाले. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. एका बाजूला राजधानी गेली, दुसऱ्या बाजूला लेणी. मधल्या गावांकडे पाहुणा वळलाच नाही.

खरे तर त्याला थांबवण्याजोगे इथे पुष्कळ आहे. चाळीसगावजवळचे पाटण घ्या. तिथल्या देवीच्या मंदिरातला शके ११२८ चा (इ.स. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा) शिलालेख सांगतो की थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ, विशेषतः 'सिद्धान्तशिरोमणि', शिकवण्यासाठी इथे मठ काढला. इथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले. लेखाचा शेवट चक्क जुन्या मराठीत आहे आणि त्यात हिशेब आहे: पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर आता मठाला. गणिताची शाळा गावच्या बाजारावर चालावी, अशी ही सोय होती. आज आपण उलट अपेक्षा करतो, वारशाने बाजार चालवावा. पण पाटणादेवीला येणारा भाविक दर्शन घेऊन परततो. भास्कराचार्यांचे नाव ऐकून मुक्कामाला थांबणारा विरळा.

खानदेशात बाहेरच्या माणसाचा पैसा गावात येण्याचा जुना मार्ग म्हणजे यात्रा. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरचे व्यापारी येतात. गेल्या काही वर्षांत त्याला 'चेतक फेस्टिव्हल'ची जोड मिळाली. नाव झाले हे चांगलेच. मात्र आलिशान तंबूंचे भाडे आणि पालातल्या भज्यांचा गल्ला एकाच खिशात जात नाही, एवढे नियोजन करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी गावातल्या बायांच्या चुलीवरची असेल, तरच पैसा गावात राहतो.

सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचे गणित आणखी निराळे. पहाटे पेटणाऱ्या या होळीसाठी आदिवासी पाड्यापाड्यांवरून येतात. मोरपिसांचे टोप घालणारे बावा-बुध्या नवसाचे कडक व्रत पाळून नाचतात. इथे पाहुण्यांना बोलवायचे का, आणि कॅमेरा कुठवर न्यायचा, हे जाहिरात छापण्याआधी त्या पाड्यांनाच विचारावे लागेल.