हिरोशिमाची हेकट गाडी

महाराष्ट्रात ‘माझदा’ म्हटलं की चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मिनीबस येते. कधी शाळेची, कधी वऱ्हाडाची. ‘स्वराज माझदा’. ड्रायव्हरशेजारी रेक्झिनने मढवलेला तो इंजिनाचा उंचवटा, ज्याला सगळे बॉनेट म्हणायचे, आणि त्यावर बसायला मिळावं म्हणून पोरांची ढकलाढकली. डिसेंबरात तिथली ऊब हवीहवीशी वाटायची, एप्रिलमध्ये चड्डीतून चटका बसायचा.

ऐंशीच्या दशकात हलकी मालवाहू वाहनं बनवायला चार जपानी कंपन्या भारतात आल्या. टोयोटाने डीसीएमशी घरोबा केला, निस्सानने ऑल्विनशी, मित्सुबिशीने आयशरशी, आणि माझदाने ‘स्वराज’ ट्रॅक्टरवाल्या पंजाब ट्रॅक्टर्सशी. माझदा पुढे यातून बाहेर पडली, २०११मध्ये कंपनीचं नाव ‘एसएमएल इसुझू’ झालं आणि २०२५मध्ये ती महिंद्राने घेतली. पण अजूनही गावाकडे कुठलीही मध्यम आकाराची बस आली की ‘माझदा आली’ म्हणणारे लोक आहेत.

माझदाची कार मात्र भारतात अधिकृतपणे कधीच विकायला आली नाही. त्यामुळे मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पहिली गाडी म्हणून ‘माझदा ३’ घेतली, तेव्हा मावशीने फोनवर विचारलं होतं, ‘अरे, टेम्पो कशाला घेतलास?’ त्याला हसू आवरेना. ऑस्ट्रेलियात ही कंपनी कित्येक वर्षं टोयोटाच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर होती.

नावातही गंमत आहे. अहुर मझ्द हा जरथुष्ट्री धर्मातला परमेश्वर, ज्याची प्रार्थना मुंबईच्या अग्याऱ्यांमध्ये रोज होते. कंपनीने हे नाव त्याच्यावरूनच घेतलं. दुसरीकडे संस्थापकाचं आडनाव मात्सुदा. जपानीत आजही कंपनीचा उच्चार ‘मात्सुदा’ असाच करतात. ‘माझदा’ हे रोमन अक्षरांतलं रूप. एका दगडात देवही साधला आणि आडनावही. (त्याआधी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने विजेच्या दिव्यांना हेच नाव दिलं होतं, तेही याच देवावरून. दिव्याला ते जास्त शोभतं, हे कबूल करायला हवं.)

जुजिरो मात्सुदा हा हिरोशिमाजवळच्या कोळ्याच्या घरातला मुलगा, जन्म १८७५. लहान वयात ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकला. पुढे त्याने पंप बनवले, कारखाने काढले, गमावले. १९२०मध्ये हिरोशिमात ‘टोयो कॉर्क कोग्यो’ नावाची कंपनी निघाली आणि वर्षभरात तिची धुरा त्याच्याकडे आली. कॉर्क म्हणजे आपलं बूच. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारं बूच थांबलं होतं, म्हणून स्थानिक झाडाच्या सालीपासून बुचाचा माल करायचा, असा धंदा. युद्ध संपलं, खरं बूच पुन्हा येऊ लागलं, त्यात १९२५मध्ये कारखान्याला आग लागली. १९२७मध्ये नावातलं ‘कॉर्क’ गेलं, ‘टोयो कोग्यो’ उरलं, आणि कंपनी यंत्रांकडे वळली.

१९३१मध्ये पहिलं वाहन आलं: ‘माझदा-गो’. पुढे मोटारसायकल, मागे हौदा. आपल्याकडच्या मालवाहू रिक्षाचा आजोबाच म्हणा. ते विकायला स्वतःची दुकानं नव्हती, म्हणून मित्सुबिशीच्या विक्रीजाळ्यातून विकलं जाई आणि टाकीवर दोघांची खूण असे.

६ ऑगस्ट १९४५ हा मात्सुदाचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी तो लवकर उठून शहरात केस कापायला गेला, आटोपून निघाला आणि थोड्याच वेळात बॉम्ब पडला. तो वाचला. त्याच्या मुलांपैकी एक त्या दिवशी गेला, कामगारही गेले. कारखाना स्फोटकेंद्रापासून सुमारे ५ किलोमीटरवर, हिजियामा नावाच्या टेकडीच्या आडोशाला होता. काचा-छप्परं गेली, पण इमारती उभ्या राहिल्या. शहरात उभं असं फारसं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे प्रांताचं सरकारी कार्यालय काही महिने याच कारखान्याच्या आवारातून चाललं, जखमींवर उपचारही तिथेच झाले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचाकी पुन्हा बनू लागल्या. बेचिराख गावातून विटा, लाकूड, भाजी वाहायला हेच तीन चाकांचं वाहन होतं. हिरोशिमाकरांचं या कंपनीशी असलेलं नातं कळायला हा एक परिच्छेद पुरेसा आहे. तिथे ती नुसती नोकरी देणारी कंपनी नाही.

१९६०मध्ये पहिली कार आली, ‘आर ३६० कूपे’. ३५६ सीसीचं इंजिन, किंमत ३ लाख येन, मागे बसायला लहान पोरांपुरतीच जागा. खपली मात्र भरपूर. आता खरा प्रश्न वेगळाच होता. जपानचं उद्योग मंत्रालय तेव्हा छोट्या कारकंपन्या मोठ्यांत विलीन करायच्या विचारात होतं. जुजिरोचा मुलगा त्सुनेजी मात्सुदा अध्यक्ष होता. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, हे त्याने ओळखलं. १९६१मध्ये त्याने जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून फेलिक्स वान्केलच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला.

या इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाही. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग आठवा, मध्ये किंचित चिमटलेली. त्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, गोल फिरतो. फिरताना त्याच्या तिन्ही बाजूंना हवा ओढणं, दाबणं, जाळणं आणि बाहेर टाकणं हे सगळं एकापाठोपाठ होत राहतं. झडपा नाहीत, हादरे नाहीत, आकार लहान. कागदावर स्वप्नवत. प्रत्यक्षात त्रिकोणाच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर थरथरत आणि आत ओरखड्यांच्या रांगा उठत. इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं, ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. धूर इतका, की तेल जाळायचं यंत्र म्हणावं.

केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांची तुकडी या कामाला लावली. ४७ हा आकडा जपान्यांना वेगळा सांगावा लागत नाही; धन्याच्या मृत्यूचा सूड उगवणाऱ्या ४७ रोनिन सामुराईंची कथा तिथे पोराटोरांना ठाऊक असते. यामामोतोंनीही तीच उपमा वापरली. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेल्या पट्ट्यांनी सैतानाची नखं कापली. ३० मे १९६७ला ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली: दोन रोटर, ११० अश्वशक्ती. मूळ शोध जर्मनांचा, पण त्यांच्या एनएसयूची रोटरी कार ग्राहकांच्या तक्रारींनी जेरीस आली आणि ती कंपनी फोक्सवागनच्या पोटात गेली. जनरल मोटर्स, मर्सिडीज यांनीही हात लावून सोडून दिला. हिरोशिमाने सोडलं नाही.

हा हेका महागात पडायला सहाच वर्षं लागली. १९७३चं तेलसंकट आलं आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने शहरी वापरात रोटरी गाड्या गॅलनला दहा-अकरा मैलच जातात असे आकडे जाहीर केले. विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने पैसे घातले, आपली माणसं आत बसवली आणि काही वर्षांत मात्सुदा घराण्याच्या हातून सत्ता गेली. कामगारांना काढून टाकण्याऐवजी त्यांतल्या हजारोंना देशभरच्या वितरकांकडे गाड्या विकायला धाडलं. काल लेथवर उभा असलेला माणूस आज अनोळखी शहरात दारोदार माहितीपत्रकं वाटतोय. त्यातल्या अनेकांनी गिऱ्हाइकाची कुरकुर तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकली असणार. गंमत म्हणजे १९७५च्या त्याच काळोख्या वर्षी ‘हिरोशिमा टोयो कार्प’ हा गावाचा बेसबॉल संघ, ज्याच्या नावातलं ‘टोयो’ याच कंपनीचं, पहिल्यांदा आपल्या लीगचा विजेता झाला. एकेकाळी हाच संघ टिकवायला हिरोशिमाच्या लोकांनी पिंपांमध्ये सुट्टे पैसे टाकले होते.

१९७९मध्ये फोर्डने २५ टक्के भाग घेतला. १९८०ची ‘फॅमिलिया’ ही साधी, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी कार कंपनीला वर घेऊन आली. तरुण पोरं लाल फॅमिलियाच्या टपावर सर्फिंगची फळी बांधून हिंडत. समुद्रात उतरत नसत, नुसती बांधून हिंडत. त्याच दशकाच्या अखेरीस जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुगला, तेव्हा माझदाने देशात पाच वेगवेगळ्या नावांची विक्रीजाळी उभारली. फुगा फुटल्यावर तीच गळ्याशी आली. १९९६मध्ये फोर्डचा वाटा ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी कारकंपनीचे पहिले परदेशी प्रमुख. आपल्याकडे आलेली फोर्डची ‘एंडेव्हर’ माझदाच्या पिकअपशी नातं सांगणारी होती, ती याच काळातली. २००८च्या मंदीत फोर्डलाच पैशांची गरज पडली आणि ते नातं विरत गेलं.

दोन गोष्टींवर मात्र थांबायलाच हवं. पहिली, २३ जून १९९१. फ्रान्समधल्या ल माँची २४ तासांची शर्यत. नारिंगी-हिरवी, ५५ क्रमांकाची ‘७८७बी’, चार रोटरचं इंजिन, ३६२ फेऱ्या, पहिला क्रमांक. तिथे जिंकलेली ती पहिली जपानी कंपनी. टोयोटाला त्यासाठी २०१८ची वाट पाहावी लागली. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरताच कोसळला आणि विजेत्यांच्या मंचावर जाऊ शकला नाही. पुढच्या वर्षीच्या नियमांत रोटरीला जागाच नव्हती, त्यामुळे ही शेवटची संधी होती आणि ती साधली.

दुसरी, १९८९ची ‘एमएक्स-५’. उघड्या टपाच्या, दोन माणसांच्या, हलक्या ब्रिटिश गाड्या गळतं तेल आणि बेभरवशाच्या वायरिंगमुळे बाजारातून गेल्या होत्या. तीच मजा जपानी भरवशाची करून विकायची, ही कल्पना. त्यासाठी इंजिनिअरांनी जुना शब्द काढला, ‘जिनबा इत्ताई’: घोडा आणि स्वार एकजीव. शब्द जाहिरातीचा वाटतो, पण ही गाडी चालवणारे लोक वेगाबद्दल बोलतच नाहीत. ते गिअरच्या दांड्याबद्दल बोलतात. मनगटाच्या एका झटक्यात पुढच्या खाचेत ‘टक्’ करून बसतो म्हणतात. २०१६मध्ये दहा लाखावी बनली.

रोटरीवाल्या मालकांची जात अजून निराळी. ‘आरएक्स-८’चं इंजिन १.३ लिटरचं, म्हणजे आपल्या जुन्या डिझेल स्विफ्टएवढं. पण जपानी आवृत्तीत ते २५० अश्वशक्तीपर्यंत जायचं आणि काटा मिनिटाला ९,००० फेऱ्यांकडे झेपावायचा. त्या बदल्यात मालकाने काही व्रतं पाळायची. इंजिन मुळातच थोडं तेल जाळतं, तेव्हा एक-दोन पेट्रोलभरणीमागे डिपस्टिक काढून बघायची. थंड इंजिन सुरू करून, गाडी गेटच्या आतबाहेर करून लगेच बंद करायची नाही, नाहीतर आत पेट्रोल साचून पुढच्या वेळी उठणार नाही. आणि जुनी गाडी घ्यायची तर आधी इंजिनाचा दाब मोजून घ्यायचा. हे सगळं ते वैतागून सांगत नाहीत. घरातल्या मानी म्हाताऱ्याची पथ्यं सांगावीत, तसं सांगतात.

साध्या माझदांच्या मालकांची कौतुकं आणि कुरकुरी वाचल्या की एक गोष्ट माझ्या लक्षात येते: कौतुक आणि तक्रार एकाच मुळाची असते. सुकाणू बोलकं आहे, वळणावर गाडी हाताशी राहते; पण रस्त्याचा आवाज आत येतो. चालकाची जागा नेमकी बेतलेली आहे. पण मागे बसणाऱ्याचे गुडघे अडतात. २००० नंतरच्या दशकातल्या गाड्यांना चाकांच्या कमानींशी गंज धरायचा, विशेषतः जिथे बर्फावर मीठ टाकतात त्या देशांत. त्याचं काही कुणी कौतुक करत नाही. ‘सोल रेड’ रंगाची गाडी मात्र उन्हात बघितली की शेजारी थांबतो, असं सगळेच म्हणतात.

हेका पुढेही सुटला नाही. बाकीचे इंजिन छोटं करून टर्बो लावत होते, तेव्हा ‘स्कायॲक्टिव्ह’ नावाखाली यांनी टर्बोविना, पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण काही देशांत १४ला एक इतकं नेलं. जग विजेच्या गाड्यांकडे धावत असताना २०२२च्या ‘सीएक्स-६०’मध्ये सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं नवं डिझेल इंजिन बसवलं. २०२३मध्ये रोटरी परतली, पण ‘एमएक्स-३०’मध्ये चाकांना न जोडता, बॅटरी भरणारं जनित्र म्हणून. मंदिराचा पुजारी वॉचमन झाला, असं एका जुन्या चाहत्याच्या तोंडून निघालं होतं.

आणि तो गोल बटणाचा किस्सा. २०१९च्या ‘माझदा ३’मध्ये कंपनीने पडद्याला बोट लावायची सोयच काढून टाकली, चालवताना नजर रस्त्यावर हवी, म्हणून सगळं गिअरजवळच्या एका गोल बटणाने करायचं. लोकांनी आधी नावं ठेवली, मग हाताला सवय झाली. माझा मावसभाऊ आता ‘सीएक्स-५’ चालवतो आणि न बघता तीन खाचा उजवीकडे, एक दाब, असं म्हणत रेडिओ लावतो. २०२५मध्ये दाखवलेल्या नव्या ‘सीएक्स-५’मधून ते बटण गेलं आहे. त्याजागी भला मोठा पडदा आहे, बोटाने चालणारा. मावसभावाने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘माझी अजून दहा वर्षं चालेल.’