महिला उमेदवार आणि तरुणांची नेतृत्वविषयक धारणा (मराठवाडा)

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या स्त्रिया पाहून किशोरवयीन व तरुण मुलामुलींच्या मनातली ‘पुढारी’ची प्रतिमा बदलत जाण्याची प्रक्रिया.

मराठवाड्याला स्त्री लोकप्रतिनिधी नवी नाही. केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ व १९९१ मध्ये बीडच्या खासदार झाल्या. विमल मुंदडा १९९० पासून सलग पाच वेळा केजमधून निवडून आल्या. २००४ साली लातुरात रूपाताई पाटील निलंगेकरांनी शिवराज पाटील यांना हरवले. काकू, ताई ही नाती अधिकाराला घरगुती आपलेपणा देतात, आणि थोडी मर्यादाही घालतात. त्यातही रूपाताई या माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या सूनबाई, तर पंकजा व प्रीतम मुंडे गोपीनाथ मुंडे यांच्या कन्या. त्यामुळे बाई निवडून येते हे तरुणांना पटते, पण त्यासाठी मागे घराणे लागते, हेही त्याच वेळी मनात ठसते.

गावातली सरपंच अधिक जवळून दिसते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हा वाटा निम्म्यापर्यंत वाढवला. याचा परिणाम पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बारकाईने मोजला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जिथे दोन कार्यकाळ प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होते, तिथे मुलगे व मुली यांच्या आकांक्षांमधली दरी किशोरवयीनांत ३२ टक्क्यांनी, तर आईवडिलांच्या अपेक्षांत २० टक्क्यांनी घटली. शिक्षणातली तफावत मिटली. मुलीने काय काम करायचे ते सासरचे ठरवतील, असे मानणारे पालकही कमी झाले. परभणी, बीडसारख्या बालविवाहाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत हा मुद्दा विशेष मोलाचा. मात्र २००९ मध्ये आलेल्या आधीच्या अभ्यासात पुरुषांची पसंती पुरुष नेत्यालाच राहिली होती. बाईला कारभार जमत नाही, हा ग्रह तेवढा गळून पडला.

मराठवाड्यात हा परिणाम बोथट करणारा माणूस म्हणजे ‘सरपंचपती’. सही बाईची, खुर्ची त्याची. हे पाहत वाढलेला मुलगा वेगळाच धडा घेतो. शिवाय आरक्षण चक्राकार फिरते. सोडतीत जागा खुली निघाली की माजी सरपंचबाईला क्वचितच कुणी उभे करते. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली. तिच्यात निदान उमेदवार बाईला स्वतः गल्लोगल्ली मते मागावी लागतात, मग फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो कितीही मोठा असो.