आरसा वर गेला की कॅमेरा आंधळा

हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यात होडीतून फिरताना कुरव (सीगल) हाताच्या अंतरावरून उडत जातात. कुणीतरी शेव फेकतं (फेकू नये, पक्ष्यांचं ते अन्न नव्हे) आणि दहा-बारा पक्षी एकदम झेपावतात. माझ्या जुन्या, आत आरसा असलेल्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यावर अंगावर येणाऱ्या कुरवाचे पन्नासेक फोटो काढले, तर डोळा टोकदार आलेले चार-पाच हाती लागायचे. बाकीच्यांत शेपटी स्वच्छ, चोच पुसट. फोकस दर वेळी पक्ष्याच्या मागेच कसा राहतो, हे कळायला ऑटोफोकसच्या, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून फोकस धरण्याच्या, इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

आधी हिशेब पाहू. ४०० मिलिमीटरची, एफ २.८ ची (दूरचं जवळ आणणारी, मोठ्या छिद्राची) लेन्स घेऊन २० मीटरवरच्या धावपटूवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटर खोल असतो. शर्यतीतला धावपटू सेकंदाला सुमारे १० मीटर धावतो. फोकस मोजल्यापासून शटर उघडेपर्यंत सेकंदाचे पाच शतांश गेले, तरी तो अर्धा मीटर पुढे आलेला असतो. कॅमेऱ्याने अचूक मोजलं, लेन्स अचूक फिरली, तरीही फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट! म्हणजे नुसती मोटर वेगवान करून भागत नाही. शटर उघडेल तेव्हा धावपटू कुठे असेल, हे आधी ठरवावं लागतं.

सुरुवातीच्या कॅमेऱ्यांसमोर हा प्रश्न फारसा नव्हताच. १९७७ मध्ये आलेला कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्यातली यंत्रणा हनीवेल या अमेरिकी कंपनीची होती. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने एसएक्स-७० ला वटवाघळासारखी सोय दिली: आवाजाच्या लहरी सोडायच्या आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. खिडकीच्या काचेतून फोटो काढायला गेलं की तो काचेवरच फोकस करायचा. स्थिर उभ्या माणसांसाठी हे सगळं पुरेसं होतं.

फोकस मोजणारा सेन्सर आणि मोटर दोन्ही बॉडीत बसवून बाजार जिंकला तो १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. (त्यावरून हनीवेलशी पेटंटचा खटला झाला आणि शेवटी मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले.) दोन वर्षांनी कॅननने ईओएस मालिका आणली आणि लेन्स बॉडीला जोडणारा माउंटच बदलून टाकला. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसेनात, त्यामुळे लोक चिडले, आणि ते रास्तच होतं. तरीही प्रत्येक लेन्सला तिची स्वतःची मोटर देण्याचा तो निर्णय मला बरोबर वाटतो. मोठ्या टेलिफोटो (दूरचं टिपणाऱ्या) लेन्सचं जड भिंग बॉडीतल्या मोटरने हलवण्यापेक्षा तिथल्या तिथे हलवणं केव्हाही चांगलं.

या कॅमेऱ्यांत फोकस मोजला कसा जायचा? लेन्समधून आलेला प्रकाश आपल्या डोळ्याकडे वळवणाऱ्या मुख्य आरशाच्या मधल्या भागातून थोडा प्रकाश आरपार जातो. त्यामागचा छोटा आरसा तो खाली, तळाशी बसवलेल्या सेन्सरकडे वळवतो. लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा तिथे शेजारी-शेजारी पडतात. त्यांच्यातलं अंतर ठरल्यापेक्षा कमी की जास्त, यावरून फोकस पुढे आहे की मागे आणि किती, हे एकाच मोजणीत कळतं. नुसता कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदातला फरक) बघणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र पुढे-मागे करत चाचपडावं लागतं. त्यालाच आपण ‘हंट करतोय’ म्हणतो.

लागोपाठच्या मोजण्यांवरून वेग काढता येतो, आणि वेग कळला की पुढची जागा सांगता येते. १९८८ मध्ये मिनोल्टा ७०००आय आणि निकॉन एफ४ हा अंदाज बांधू लागले. पण शटर उघडताना आरसा वर जातो, छोटा आरसा मिटतो आणि फोकसचा सेन्सर अंधारात बसतो. शेवटचा टप्पा अंदाजावरच काढायचा! सरळ धावणाऱ्यासाठी तो अंदाज जमतो, पण मध्येच वळसा घेणाऱ्या कुरवासाठी चुकतो.

होडीत आणखी एक पंचाईत असते. पक्षी हलतो, आपणही हलतो, आणि फोकसचा पॉइंट (फ्रेममधली फोकस मोजण्याची जागा) पक्ष्यावरून घसरून मागच्या पाण्यावर जातो. त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे लगेच पाठलाग न करता क्षणभर थांबायचं, पक्षी परत पॉइंटखाली येतो का ते बघायचं. दुसरा म्हणजे पॉइंट वाढवायचे: एकाचे तीन, तिनाचे पाच, आणि १९९८ च्या कॅनन ईओएस ३ मध्ये ४५. पण छोट्या आरशाला जेवढी जागा, तेवढ्यातच सगळे. ते फ्रेमच्या मध्यावर दाटीवाटीने बसायचे. आपल्या जुन्या फोटोंत पक्षी इतके मधोमध दिसतात, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

ही कोंडी फुटली ती फोटो घेणाऱ्या सेन्सरवरच ही मोजणी होऊ लागल्यावर. २०१० मध्ये फुजीफिल्मच्या एका छोट्या कॅमेऱ्यात ती आली. २०१३ च्या कॅनन ७०डी ने प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागला. २०१७ च्या सोनी ए९ मध्ये जवळजवळ पूर्ण फ्रेमभर ६९३ पॉइंट होते, आणि सेकंदाला २० फोटो घेत असतानाही तो सेकंदाला ६० वेळा फोकस मोजू शकत होता. आरसाच नाही, त्यामुळे आंधळा क्षणही नाही.

मग कॅमेरा काय दिसतंय तेही ओळखू लागला. २०१९ मध्ये सोनीने प्राण्यांचे डोळे धरायला सुरुवात केली, २०२० मध्ये कॅनन आर५ पक्षी ओळखू लागला. डोळा दिसेना तर डोकं, डोकं दिसेना तर अंग. पॉइंट पक्ष्यावर टेकवून ठेवण्याची कसरतच संपली.

गेल्या हिवाळ्यात भिगवणला पन्नासातले चाळीसेक फोटो नीट आले. बिघडले ते बहुतेक एकाच जागी: दुसरा कुरव मध्ये आडवा आला आणि फोकस त्याच्यावर उडी मारून गेला. त्यावरचा इलाज अजूनही तोच जुना, क्षणभर थांबण्याचा. होडीत बसलो की मेनूत जाऊन ट्रॅकिंगची (पक्ष्याच्या पाठलागाची) संवेदनशीलता मी दोन घरं खाली आणतो.