मूल लिहिताना जीभ का बाहेर काढतं?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र पुन्हा पुन्हा फिरत असतं. हाताचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी. एक बालवाडीच्या वयातल्या मुलाचा, दुसरा सात वर्षांच्या मुलाचा. पहिल्यात मनगटाच्या जागी दोन-चार ठिपके आणि बाकी काळी पोकळी. खाली मजकूर: बघा, मनगटाची हाडंच तयार नाहीत, मग लिहायला कशाला बसवता? सल्ला बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं दिलंय. आणि चुकीच्या कारणावर उभा केलेला सल्ला पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. ‘मग हेच पोर झोपाळ्याच्या कडीला लोंबकळतं कसं?’ असं एखाद्या आजोबांनी विचारलं की संपलं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा सगळीच कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक पदार्थाची, असतात. कूर्चेत कॅल्शियम साठलेलं नसल्यामुळे एक्स-रे तिच्यातून जवळजवळ आरपार जातात आणि तिथे काळं दिसतं. पहिली दोन पहिल्या काही महिन्यांतच हाडात बदलू लागतात, तिसरं दोन-तीन वर्षांच्या सुमारास, चौथं चारच्या आसपास, पुढची तीन साधारण चार ते सहा या काळात. वाटाण्याएवढं आठवं हाड तर आठ ते बारा वर्षांपर्यंत वाट पाहायला लावतं. मुली मुलांपेक्षा थोड्या पुढे असतात. हा क्रम इतका भरवशाचा आहे की वाढीची तक्रार असेल तर डॉक्टर डाव्या हाताच्या एक्स-रेवरून ‘हाडांचं वय’ काढतात. पण कूर्चा म्हणजे पोकळी नव्हे. सांध्याचा आकार तीच धरून ठेवते आणि लहान मुलाचं मनगट तिच्यावर उत्तम चालतं. सगळी हाडं एक्स-रेत दिसेपर्यंत थांबायचं ठरवलं तर पाटी थेट चौथीत द्यावी लागेल.

खरी अडचण हाताच्या बरीच वर आहे.

मूठ वळताना पाचही बोटं एकदम हलली तरी चालतं. लिहिताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी हलायचं, आणि अनामिका-करंगळीने आत मुडपून गप्प बसायचं. बोटं अशी सुटी चालवण्यासाठी मेंदूच्या बाह्यपटलातून निघणारे काही चेतातंतू मज्जारज्जूतल्या हात चालवणाऱ्या पेशींना मध्यस्थाशिवाय थेट भेटतात. मांजरात ही थेट जोडणी नाही, माणसात ती भरपूर आहे. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं आणि संदेश वेगाने, एका तालात पोचायला लागतो. हे काम जन्माआधी सुरू होतं आणि पौगंडावस्थेपर्यंत चालू राहतं.

पण हुकूम पोचणं ही निम्मीच गोष्ट झाली, नको तिथे तो न जाणंही तितकंच महत्त्वाचं. उजव्या हाताचा हुकूम मुख्यतः डाव्या मेंदूगोलार्धातून सुटतो. त्याच वेळी उजव्या गोलार्धाला ‘तू थांब’ असं सांगावं लागतं. हा निरोप दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम नावाच्या जाड पट्ट्यातून जातो आणि हा पट्टा पूर्ण पक्व व्हायला बराच वेळ घेतो. तोवर हुकूम सांडतो. पाच वर्षांच्या मुलाला समोर बसवा. डावा हात तळवा वर करून मांडीवर ठेवायला सांगा आणि उजव्या अंगठ्याने उजव्या हाताच्या एकेका बोटाला ओळीने शिवायला सांगा. डाव्या हाताची बोटंही किंचित चुळबुळताना दिसतील. कात्रीने कागद कापताना जबडा उघडमीट करतो, अक्षर काढताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते, त्याचं कारणही हे सांडणंच मानलं जातं. बाह्यपटलात हाताचा आणि तोंडाचा पट्टा शेजारी शेजारी असतो. ‘जीभ आत घे’ म्हणून मुलाला दटावण्यात अर्थ नाही. दहाच्या आसपास हे बहुतेक मावळतं. त्यानंतरही ठळक दिसत राहिलं तर बालचेताविकारतज्ज्ञांना दाखवावं.

दोन्ही हातांनी एकदम लिहायला शिकवून ‘डावा-उजवा मेंदू जागवणारे’ क्लास निघालेत, त्यांनी हे जरूर वाचावं. मेंदू इतकी वर्षं खर्चून दोन हात वेगळे करतो आणि हे फी घेऊन ते पुन्हा एकत्र बांधायला निघालेत. ‘मिडब्रेन’ म्हणजे मध्यमेंदू जागवण्याच्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे तर सोडाच. तिथे पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून दिसतं, एवढंच.

आकारांचाही ठरलेला क्रम आहे. साधारण दोन वर्षांचं मूल बघून उभी रेघ ओढतं, तीनला गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन. दोन तिरप्या रेघांची फुली पाचच्या आसपास जमते आणि त्रिकोण सव्वापाचला. आता ‘अ’कडे बघा. एकावर एक दोन वळणं, मधली आडवी जोडरेघ, काना, वर शिरोरेघ, आणि हे सगळं प्रमाणात. वर्णमालेत तो पहिला आहे म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला पहिला द्यायचा, हा हिशेब हाताला मान्य नाही. ट, प, ग, न यांपासून सुरुवात केलेली बरी, आणि तीही पाचच्या पुढे.

ठिपके जोडून गिरवण्याच्या वह्यांवर शाळांचा फार जीव. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींनी अक्षरं स्वतः काढली, काहींनी गिरवली, काहींनी टाइप केली. नंतर ती अक्षरं बघताना त्यांचा मेंदू स्कॅन केला, तेव्हा वाचनाशी जोडलेले भाग स्वतः काढलेल्या अक्षरांना सर्वाधिक जागे झाले. वाकडंतिकडं काढलेलं अक्षर दरवेळी वेगळं होतं आणि ‘इतके वेगवेगळे आकार, पण अक्षर एकच’ हे मेंदूला त्यातून कळतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. शिवाय गिरवताना मूल ठिपका गाठण्याच्या नादात रेघ कुठूनही, खालून वरसुद्धा, ओढतं. ती सवय पुढे सोडवताना नाकीनऊ येतात.

मग बालवाडीत करायचं काय? दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, चमचाभर तेल आणि पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालत मळा. पाणी एकदम ओतलं तर गोळा हाताला चिकटतो. मिठामुळे तो घट्ट डब्यात बरेच दिवस टिकतो. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढून त्याला पाझर फोडतं, तेव्हा मूठभर मैदा घालून पुन्हा मळावा. चिमटीने तोडणं, लांब वळ्या करणं, बोटाने खळगे पाडणं एवढं पुरे. ओलं फडकं पिळणं, वाटाणे सोलणं, बटणं लावणं, लहान तांब्याने पाणी ओतणं यांतही हाताची तीच तयारी होते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, काड्या, पानं, माती अशा आसपासच्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. महागडी किट नसली तरी काही बिघडत नाही.

भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला फळा लावा. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं, आणि त्या स्थितीत बोटांची पकड पक्की बसते. चारच्या पुढच्यांना खडूचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडाच द्या. मुठीत धरायला जागाच नसल्यामुळे मूल चिमटीवर येतं. तीनच्या आतल्यांना मात्र हा तुकडा, मणी, शेंगदाणे काहीच नको. घशात अडकेल अशी वस्तू त्यांच्या हाती लागता कामा नये, त्यांना जाडजूड खडू द्यावा.

कागद फाटतोय, टोक मोडतंय, तर्जनीचं शेवटचं पेर उलटं वाकतंय, दोन ओळींत हात झटकायची वेळ येतेय, ही घाई झाल्याची लक्षणं आहेत. सहा-सात वर्षांनंतर चुकीची पकड बदलणं अवघड जातं. चार बोटांची पकड मात्र चुकीची नसते, हात दुखत नसेल तर तिला हात लावू नये.

डावखुऱ्या मुलाचा कागद डाव्या बाजूला सरकवून वरचा डावा कोपरा किंचित वर तिरका करा, म्हणजे लिहिलेलं त्याच्याच हाताखाली पुसलं जाणार नाही. कात्रीही डाव्या हाताची द्या. पहिल्या वर्षाच्या आतच मूल सतत एकच हात वापरत असेल, तर ‘डावखुरं आहे’ किंवा ‘उजवं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते. बालरोगतज्ज्ञांनी तो हात तपासायला हवा.