फवारा-लेपित इलेक्ट्रॉनिकी

संवाहक, अर्धवाहक वा विद्युतरोधक पदार्थाचे द्रावण किंवा शाई बारीक थेंबांनी पृष्ठभागावर फवारून इलेक्ट्रॉनी घटक घडवण्याची पद्धत. निर्वात कक्ष लागत नसल्याने ती साध्या विद्यापीठीय प्रयोगशाळेच्या आवाक्यात येते. अशी एक प्रयोगशाळांची जागा म्हणजे सोलापूर: तिथल्या केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ची. त्याआधी शहरात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) आणि वायुसंवेदक (वायू ओळखणारे घटक) हे दोन्ही विद्यापीठांतले जुने विषय आहेत.

पद्धतीच्या दोन शाखा आहेत. तापलेल्या काचेवर फवारा मारून थर तिथेच रासायनिक क्रियेने घडवणे म्हणजे फवारा तापविघटन. प्रयोगशाळेत सगळे ‘स्प्रे पायरोलिसिस’च म्हणतात. १९६६ साली चेंबरलिन व स्कारमन यांनी कॅडमियम सल्फाइडचे थर असे बनवले. दुसऱ्या शाखेत चांदीचे कण, कार्बन नॅनोनळ्या किंवा संवाहक बहुवारिक (पॉलिमर) यांची तयार शाई साच्यातून (मास्कमधून) फवारतात व कमी तापमानाला पक्की करतात.

झिंक ऑक्साइडचा थर हा नवख्या संशोधकाचा पहिला धडा. ०.१ मोलर द्रावणाच्या १०० मिलिसाठी २.१९५ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विआयनित (क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवतात. गढूळपणा दिसल्यास ॲसिटिक आम्लाचे काही थेंब टाकतात. बोअरचे जड पाणी अजिबात चालत नाही, त्यातले कॅल्शियम व क्लोराइड थरात उतरते. काच साबण, आम्ल, ॲसिटोन या क्रमाने धुतात. काच तापवणाऱ्या तव्याचे (हॉट प्लेटचे) तापमान ४०० ते ४५० अंश सेल्सिअस, नोझल ते काच अंतर २५ ते ३० सेंमी, प्रवाह मिनिटाला सुमारे ३ मिलि. तापमान नियंत्रकाच्या आकड्यावर विसंबू नये. काचेचा वरचा पृष्ठभाग तव्यापेक्षा थंड असतो आणि फवारा सुरू होताच आणखी उतरतो, म्हणून थांबत-थांबत फवारतात.

थेंबाचे नशीब वाटेतच ठरते. तो ओलाच काचेवर आदळला तर डाग पडतो. हवेतच पूर्ण विघटित झाला तर पावडर होते आणि बोटाने पुसली जाते. द्रावक उडून उरलेला पदार्थ काचेजवळ बाष्प होऊन पोचला की थर एकसंध बसतो. त्यामुळे सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, हिवाळ्याला जमलेले अंतर व प्रवाह पुन्हा तपासावे लागतात. सुई-नोझलच्या टोकाशीही द्रावणातला क्षार साचतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमधले पाणी हवेबरोबर येते व थराला भोके पाडते. पाणी-सापळा आणि सिलिका जेल हवेच.

थेंबाचा आकारही हातात असतो. ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक नोझलमधून पाण्याचा थेंब सुमारे ३५ मायक्रोमीटरचा, तर १.७ मेगाहर्ट्झच्या नेब्युलायझरमधून (द्रवाचे धुके करणाऱ्या यंत्रातून) ३ मायक्रोमीटरचा निघतो. बारीक थेंब नितळ थर देतो, पण तव्यावरून उठणाऱ्या गरम हवेने उडूनही जातो.

जाडी मोजायची स्वस्त रीत वजनाची. ७५ गुणिले २५ मिमी काचेवर ५०० नॅनोमीटर झिंक ऑक्साइड म्हणजे जेमतेम ५.२५ मिलिग्रॅम, तराजूची ०.१ मिलिग्रॅमची चूक जवळपास १० नॅनोमीटरची होते. ५० मिलि द्रावणातून तत्त्वतः ४०७ मिलिग्रॅम ऑक्साइड निघते, सहा काचांवर बसते ३० च्या आसपास. बाकीचे धुराड्यात. हा अपव्यय प्रबंधांत क्वचितच मांडला जातो, कारखान्यात मात्र पहिला प्रश्न तोच येतो.

फ्लोरिनमिश्रित टिन ऑक्साइडच्या पारदर्शक संवाहक थरासाठी टिन क्लोराइड व अमोनियम फ्लोराइड फवारतात. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो धुराड्याचा लोखंडी पंखा खातो. हायड्रोजन फ्लोराइडही निघू शकतो, म्हणून त्याने भाजल्यास लावायला जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवतात. असे थर सौर घटांत व गरम होणाऱ्या काचांत वापरतात. टिन व झिंक ऑक्साइडचे वायुसंवेदक साधारण २०० ते ३५० अंशांवर चालतात. पेरोव्हस्काइट या स्फटिकरचनेच्या पदार्थाचे सौर घट फवाऱ्याने बनवल्याचे २०१४मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. २०२०मध्ये इंग्लंडमधल्याच ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने त्रिमिती मुद्रण (थ्री-डी प्रिंटिंग) व फवारा जोडून वेड्यावाकड्या आकारांवर प्रकाशमान पडदे दाखवले. त्यात संवाहक, विद्युतरोधक, झिंक सल्फाइड फॉस्फर (प्रकाश देणारा पदार्थ) व पारदर्शक संवाहक असे थर एकावर एक चढतात. रोधक थरात एक जरी भोक राहिले तरी प्रत्यावर्ती (एसी) विद्युतदाबाखाली ठिणगी पडून तो भाग जळतो.

पीएच.डी.चा काळ २०२२च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार किमान तीन, कमाल सहा वर्षे. त्यातला मोठा भाग थर बनवण्यात नव्हे, तोच थर दहाव्यांदा बनवण्यात जातो. एका उत्तम नमुन्यावर लिहिलेला शोधनिबंध आणि दहांपैकी नऊ सारखे देणारी कृती यांत दुसरी अवघड.

सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांवर वाहक रेघा फवारणे ही इथली स्वाभाविक पुढची पायरी वाटते, पण सूत १५० अंशांपुढे पिवळे पडते, त्यामुळे तापविघटन बाद. आधी खळ पूर्ण काढावी, पॉलियुरेथेनचा पातळ थर द्यावा, मग चांदीची शाई फवारून १२० अंशांच्या आसपास पक्की करावी. टॉवेलच्या उभ्या फासांवर वाहक रेघ तुटक येते; जकार्ड चादरीच्या सपाट विणीवर ती टिकते. धुताना रेघ मधेच फारशी तुटत नाही, तुटते ती कडक बटणाशी जोडलेल्या टोकाला.